तेक्सिलोचं मूळ

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगळवेढ्याहून एसटीने सोलापूरला येत होतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याशी भांडायलाच येत होतो. एका शब्दावरून. आता काही आठवडे झाले, तरी ते भांडण डोक्यातून जात नाही. वाचायला बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की जायचं कुठं...

आम्ही एकाच शाळेत मास्तर, मी संस्कृतचा आणि तो गणिताचा. त्याचं घर तेलुगू विणकरांचं; वडिलांचा हातमाग अजून पुढच्या खोलीत. निवृत्त झाल्यावर याला एस्पेरांतोचं खूळ लागलं. जगात कुणालाही चटकन यावी म्हणून मुद्दाम घडवलेली भाषा ती. तिच्यात माग म्हणजे 'तेक्सिलो', विणायचं साधन. ते आलं लॅटिनमधून, आणि त्याच्या नात्यातला आपला धातू 'तक्ष्', म्हणजे लाकूड तासणं. माग करणारा सुतार आणि चालवणारा विणकर एका घरातले निघाले! मी हुरळून म्हणालो, "बघ, शेवटी संस्कृतच आई."

"आई न्हाय, लॅटिनची बहीण हाय," तो म्हणाला. "दोघींची आई कवाच गेली. आन माग तरी तुमचा कुटं हाय? तेलुगूत मग्गम, कानडीत मग्ग. आमच्याकडनंच घेतलाय की तुमी!"

मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवताना विणकर जुने धागे उपसून टाकत नाहीत. एकेका जुन्या टोकाला नवं टोक गाठीनं जोडतात. शब्दांचंही तसंच, तो म्हणायचा, फक्त गाठ दिसत नाही. त्याचं एकच दुःख होतं. "लेका, शिक की ही भाषा. अख्ख्या सोलापुरात मला उलट बोलणारं एक माणूस न्हाय." या वयात मला मराठीच पुरे, असं मी म्हणायचो.

परवा सकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनी मागावरची धूळ पुसत होत्या. पुसून झाल्यावर मागाकडे बघून म्हणाल्या, "बोनान मातेनोन."

मी चमकलो. "वहिनी, तुम्हाला एस्पेरांतो येते?"

"मला कुटलं येतंय, भावजी! रोज सकाळी हे हितं उभं राहून म्हणायचे. मी उलट म्हणल्याबिगर चहाच घेत न्हवते. लई वर्सं झाली की. म्हंजे काय वो त्याचं?"

"सुप्रभात," मी सांगितलं.

म्हणजे माणूस होतं. रोज, घरातच. मग हा तक्रार कसली करत होता? रागच आला मला त्याचा, आणि आता तो काढायचा कुणावर...

"आता पयलं मीच म्हणते," वहिनी म्हणाल्या. "पर उलट कोन म्हणनार?" आणि तरीही मागापाशी वाट बघत उभ्या राहिल्या.

मला ते बघवेना. "बोनान मातेनोन, वहिनी," मी म्हणालो.