पांढरं, काळं आणि तपकिरी

हन्ना भिंगारदिवे कारखान्यात लागली ती तिच्या हातामुळे. नगरच्या एका दवाखान्यात ती औषधांच्या पुड्या बांधायची आणि तराजूवर तिचा हात कधी थरथरत नसे. पुढं तयार गोळ्या येऊ लागल्या, पुड्यांचं काम आटलं. मग एकाहत्तर साली ती आप्पासाहेब कोतकरांच्या कारखान्यात भुकटी तोलायला आली.

औद्योगिक वसाहतीतली ती एक पत्र्याची शेड होती. तिथं कार्बाइडच्या टिपा बनत. टिप म्हणजे नखाएवढा अतिशय कठीण तुकडा. तो पोलादी दांड्याच्या टोकाला जोडायचा आणि त्यानं लेथवर लोखंड कापायचं. टंगस्टन कार्बाइडची करडी भुकटी, त्यात कोबाल्ट आणि थोडं मेण असं मिश्रण साच्यात दाबून भट्टीत घालत.

पहिल्याच आठवड्यात हन्नानं विचारलं, "साहेब, भट्टीत ही भुकटी वितळते का?"

आप्पासाहेब बेलापूरकडच्या शेतकरी घरातले, इंजिनियर झालेले. प्रश्न विचारणारं माणूस त्यांना आवडे. "नाही. वितळतो तो कोबाल्ट. लाडवात पाक जसा रवा धरून ठेवतो, तसा तो कणांना धरतो."

काही घाण्यांत मात्र एका परदेशी डब्यातली तपकिरी भुकटीही पडायची, अगदी थोडी. उजेडात तिला सोनेरी झाक दिसे. डब्यावर नाव होतं टँटॅलम कार्बाइड.

"ही वितळवायची म्हटली तर चार हजार डिग्रीच्या जवळ जावं लागेल," आप्पासाहेब म्हणाले. "बल्बातली तारसुद्धा तिच्या आधी वितळते."

"मग वितळवायला ठेवायची कशात?"

आप्पासाहेब हसले. "म्हणून तर कुणी वितळवत नाही. भुकटीच करायची, भुकटीच वापरायची."

हन्ना घरी गेली तरी हे डोक्यातून जाईना. आईनं विचारलं, "तिथं दळता तरी काय गं?" तिनं सांगितलं. आई म्हणाली, "देवानं असलं कशाला केलं असंल?" हन्नाला तोही प्रश्न बरोबरच वाटला.

त्यात आणखी एक कोडं होतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी खोल करायची कामं जिकडंतिकडं निघाली आणि दगड फोडायच्या ड्रिलच्या टिपांना मागणी वाढली. त्या टिपांत तपकिरी भुकटी घालत नसत. पोलाद कापायच्या टिपांत मात्र ती हवीच. दगड काय मऊ असतो?

तेवढ्यात डबा संपत आला. नवा परदेशातून आणायचा तर परवाना हवा, आणि तो मिळेना. आप्पासाहेबांनी तपकिरी भुकटीशिवाय टिपा करून बेलापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात पाठवल्या. टिपांची धार टिकत नाही, अशी तिकडून तक्रार आली. ते स्वतः बघायला निघाले तेव्हा हन्ना म्हणाली, "साहेब, मीही येते. मी तोलते ती टिप काय करते, ते मी कधी पाहिलंच नाही."

लेथवर पुंजाराम टर्नर होता. उसाचा रस काढणाऱ्या रोलरचा जाडजूड पोलादी शाफ्ट त्यानं लावला होता. वर्कशॉपात बाईमाणूस बघून तो जरा थबकला, मग भिंग आणि वापरलेली टिप तिच्या हातात देत म्हणाला, "ह्यो बगा खड्डा. पोलादाची चीप, म्हंजी निगालेली साल, टिपंवरनं घासत जाती. लई तापती, आन् चिकटती. निगताना टिपंचा कन घिऊन जाती. खड्डा मोठा झाला की धार गेली."

हन्नानं भिंगातून पाहिलं. धारेच्या मागं खरंच एक गुळगुळीत खळगा होता, चमच्यानं उकरावा तसा.

"आणि दगडाला?"

"दगूड फुटतो, बाई. चिकटत न्हाई."

हन्ना आप्पासाहेबांकडं वळली. "म्हणजे ती भुकटी चिकटू देत नाही?"

"हो. आणि तापल्यावरही टिप मऊ पडू देत नाही."

 परतताना जीपमध्ये नगर जवळ आलं तसे आप्पासाहेब म्हणाले, "हन्नाबाई, आपणच करून बघायची का ती?"

त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून टँटॅलमचं ऑक्साइड मागवलं. आलं ते पिठासारखं पांढरंशुभ्र. त्यात काजळी मिसळायची आणि हायड्रोजन वायू सोडलेल्या भट्टीत खूप तापवायचं; काजळीतला बराचसा कार्बन ऑक्सिजनला घेऊन निघून जातो, उरलेला टँटॅलमला धरून बसतो. हन्नानं दोन्ही तोललं, बरणीत घोटलं, वड्या पाडल्या. पांढरं आणि काळं मिळून तपकिरी कसं होणार, याचा तिला काही अंदाज येत नव्हता.

भट्टी थंड झाल्यावर वड्या निघाल्या त्या मळक्या करड्या.

"काजळी कमी पडली असेल," हन्ना म्हणाली. आप्पासाहेबांनाही तसंच वाटलं. पुढच्या घाण्यात काजळी वाढवली. या वेळी वड्या काळसर निघाल्या, आणि त्यांच्या टिपा केल्या तर अंगात बारीक छिद्रं. जास्तीची काजळी तशीच राहिली होती. हन्नाला फार वाईट वाटलं. सल्ला तिचा होता आणि माल महागाचा.

पहिल्या घाण्यातल्या वड्या अजून फळीवर होत्या. दुपारच्या सुट्टीत तिनं त्यातली एक हातोडीनं फोडली, आत काय आहे एवढं बघायला. बाहेर करडी कड, आणि पोटात तपकिरी! ती तुकडे ओंजळीत घेऊन धावतच गेली.

"साहेब, आत झालंय, बाहेर नाही. असं कसं?"

आप्पासाहेबांनी तुकडा खिडकीशी नेला. "बाहेरची काजळी कुणीतरी खाल्ली," ते हळूहळू म्हणाले. "बाहेरून लागतो तो वायू. वायू तर काही खात नाही... ओला असेल तर खातो. वाफ असेल त्यात."

दोघंही हायड्रोजनच्या नळीकडं बघू लागले. मग ओलावा शोषणारे निळे खडे भरलेली एक काचेची नळी मध्ये बसवली. वायू सोडल्यावर थोड्या वेळानं खडे गुलाबी पडू लागले, आणि ओल होती हे डोळ्यांनाच दिसलं. खडे बदलत बदलत तिसरा घाणा काढला. काजळी पहिल्याएवढीच.

झाकण निघालं तेव्हा भट्टीच्या तबकात तपकिरी वड्या होत्या. हन्नानं एक फोडली. आतबाहेर एकच रंग. तिनं ती उन्हात धरली आणि ती सोनेरी चमकली.

त्या वड्यांची भुकटी घालून केलेल्या टिपा घेऊन दोघं पुन्हा बेलापूरकडं गेले. पुंजारामनं शाफ्ट लावला. निळ्या चिपांची वेटोळी पडत राहिली. शाफ्टची एक बाजू पुरी झाल्यावर त्यानं टिप काढून भिंगाखाली धरली.

"खड्डा हाय," तो म्हणाला. हन्नाचा चेहरा पडला. "आवं, असनारच की! पर लई उथळ हाय. अजून दुसरी बाजू कापंल ही."

आणि तिनं ती कापली. गाळप सुरू व्हायच्या आत रोलर जागेवर बसले.

परवाना मिळेपर्यंत नगरच्या त्या शेडमध्ये तपकिरी भुकटीचे लहान लहान घाणे निघत राहिले. भट्टीचं काम हन्नाकडं आलं. आईला विस्तवाजवळची नोकरी कधीच आवडली नाही, पण चर्चमधल्या बायका विचारायच्या तेव्हा ती ठसक्यात सांगायची, "आमची हन्ना न वितळणारी वस्तू करते."

पुढच्या हिवाळ्यात आप्पासाहेबांनी नायोबियम नावाच्या दुसऱ्या धातूचं ऑक्साइड आणलं. खाणीत हा टँटॅलमच्याच सोबतीनं सापडतो, ते म्हणाले.

"याचा रंग कोणता येईल?" हन्नानं विचारलं.

"पुस्तकात असेल. शोधू का?"

"नको," ती म्हणाली आणि तराजू पुसायला लागली.