एडविन डिमेलोंची सहाशे अडतीस कार्डं

एडविन डिमेलोंचं आणि माझं पहिलं भांडण मी साताऱ्याहून दोहाला नोकरीला आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी झालं. कारण काय, तर एक ड्रॉइंग मी थेट इंजिनिअरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. एडविन अंकलनी ते तिथून उचललं, आपल्या टेबलावर नेलं, मागच्या बाजूला ‘रिसीव्ह्ड’चा निळा शिक्का हाणला, तारीख घातली, नंबर लिहिला आणि मग मला बोलावून घेतलं.

“शिक्का नाही तर कागद नाही,” ते म्हणाले. “उद्या कोणी विचारलं, हा कधी आला, तर तू काय साताऱ्याला फोन लावून विचारणार?”

हा म्हातारा दोन वर्षं माझं डोकं खाणार, असं मी तेव्हाच ताडलं. आणि खाल्लंच. पण माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या त्या दोन वर्षांत दोहात मला जीव लावणारं घर एकच मिळालं, तेही त्यांचंच. शुक्रवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आले की त्यांच्या पत्नी पॉलीन आंटी मला फोन करायच्या. “गौरी, शेरी माशाचं कालवण केलंय. येतेस की तिथे मॅगी खात बसतेस?” अशा आमंत्रणाला नाही म्हणण्याइतकी मी मूर्ख नाही.

अंकल मूळचे वसईतल्या नंदाखालचे. एकोणनव्वद साली इथे आले ते डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून. म्हणजे बांधकाम कंपनीतला येणारा-जाणारा प्रत्येक नकाशा आणि प्रत्येक पत्र ज्याच्या हाताखालून जातं, तो माणूस. पहिल्याच वर्षी साईटवर जुना नकाशा गेला आणि दोन खांब भलत्याच जागी उभे राहिले. नवा नकाशा अंकलना उशिरा मिळाला होता, पण कधी मिळाला ते त्यांना सिद्ध करता येईना. घरी पाठवायचं तिकीटसुद्धा काढलं होतं. व्हिटेकर नावाचे एक अमेरिकन साहेब मध्ये पडले, म्हणून नोकरी वाचली. तेव्हापासून अंकल हाताला लागेल त्या कागदावर शिक्का मारत सुटले. विजेची बिलं, नंदाखालहून आलेल्या लग्नपत्रिका, मुलाची प्रगतिपुस्तकं, काही म्हणून सोडलं नाही. “माझ्यावर तेवढा मारला नाही,” पॉलीन आंटी म्हणायच्या. आंटी सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या, म्हणून हे कुटुंब इतकी वर्षं इथे एकत्र राहू शकलं. मेल्विन हा त्यांचा एकुलता एक मुलगा.

त्या व्हिटेकर साहेबांचा भाऊ त्यांना अमेरिकेहून फुटबॉलच्या कार्डांची पाकिटं पाठवायचा. एका पाकिटात दहा-बारा कार्डं. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची माहिती. आता हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. नाव फुटबॉल, आणि चेंडू हातात घेऊन पळायचं. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या, आणि एकावर सहा जण पडणार. अंकलना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण एक्क्याण्णव ते त्र्याण्णव अशी तीन वर्षं, त्या खेळाच्या चार-पाच महिन्यांच्या मोसमात, दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की साहेब त्यांच्या टेबलावर एक पाकीट ठेवायचे. दोहा सोडून जाताना म्हणाले होते, “एडविन, हे जपून ठेव. एक दिवस हीच कार्डं तुझ्या पोराला कॉलेजात घालतील.”

साहेबाने नोकरी वाचवलेली. त्याचा शब्द अंकलनी देवाच्या वचनासारखा धरला. सहाशे अडतीस कार्डं. हिरव्या बॉक्स फाइलमध्ये, ओल लागू नये म्हणून औषधाच्या बाटलीतल्या त्या बारीक पुड्या घालून, कपाटाच्या वरच्या खणात. मेल्विनला त्यांना हात लावायची बंदी. सात वर्षांचा असताना त्याने एक कार्ड शाळेत नेलं. अंकलनी ते परत आणलं आणि त्याच्या कानाखाली वाजवली.

हे मला त्यांनीच सांगितलं, एकदा ऑफिसात डबा खाताना. मेल्विनचा फोन येऊन गेला होता. मेल्विन आता एकोणचाळीस वर्षांचा, हॉस्पिटलात एक्स-रे विभागात काम करतो, बायको जोस्लीन आणि मुलगी ऑलिव्हिया यांच्यासह दोहाच्याच अल गराफा भागात राहतो. वीस मिनिटांचा रस्ता. रोज एक वाजता बापाला फोन करतो आणि दीड मिनिटात ठेवतो. “जेवलास? बीपीची गोळी? ओके डॅडी, बाय.” शुक्रवारी जेवायला येतो आणि तीनच्या ठोक्याला उठतो.

“त्या थपडेपासून तो असा झाला,” अंकल फोनकडे बघत म्हणाले. “माझ्याशी धड बोलतच नाही. बरोबर आहे त्याचं. कागदासाठी पोराला मारतं का कोणी?” मग लगेच सावरून, “पण ते सगळं त्याच्याचसाठी आहे. जायच्या आधी बॉक्स त्याच्या हातात देणार आणि सांगणार, की बघ, मी तुला उगाच नाही मारलं.”

जायचं म्हणजे कायमचं. अंकल बासष्टचे झाले होते. मेअखेर फायनल एक्झिट, नंदाखालचं घर रंगवून तयार. कॉलेजची वेळ केव्हाच टळून गेली होती, तेव्हा फी कशीबशी दोघांच्या पगारातून भागली होती. आता अंकल म्हणत, मेल्विनच्या घराला होईल. घर की कॉलेज, हा प्रश्नच नव्हता. त्या माणसाला आपल्या मुलाच्या हातात एकदा काहीतरी मोलाचं ठेवायचं होतं.

आणि मग मी माझं नाक खुपसलं. माझ्या ओळखीचा मुदस्सिर नावाचा एक हैदराबादी आहे, अल गराफात छोट्याशा दुकानात खेळांची जुनी कार्डं विकतो. मी म्हटलं, “अंकल, नुसतं देण्यापेक्षा किंमत काढून द्या ना. आकडा ऐकला की मेल्विनला पटेल.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हा मात्र मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही बॉक्स घेऊन त्याच्या दुकानात गेलो. अंकलनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुदस्सिरने पातळ हातमोजे चढवले आणि एकेक कार्ड फोटोच्या बाजूने बघत गेला. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने मन लावून सांगितलं, की त्या वर्षांत कंपन्यांनी ही कार्डं इतकी छापली, इतकी छापली, की आज ती चहाच्या भावात जातात. अंकल मान हलवत राहिले. त्यांना ते पटलं नव्हतं. मग एका कार्डापाशी मुदस्सिर थांबला. निळ्या शर्टातला एक कोवळा पोरगा, पहिल्याच वर्षाचा खेळाडू.

“अंकल,” तो खुर्चीत सरळ बसला, “ये तो कम छपा था. और कोने देखो, एकदम नया! ये अगर साफ है ना, तो इसमें अच्छी गाडी आ जाएगी.”

अंकलनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत मी तो चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता. मुदस्सिरने कार्ड उलटं केलं.

मागे निळा शिक्का होता. रिसीव्ह्ड. खाली तारीख, सप्टेंबर ब्याण्णव, आणि अंकलच्या वळणदार अक्षरात नंबर.

“ये ठप्पा किसने मारा?” मुदस्सिरने विचारलं. मग त्याने दुसरं उलटलं, तिसरं उलटलं, आणि पुढे उलटायचं थांबला. “सबपे?”

“मी,” अंकल म्हणाले. मराठीत. मुदस्सिरला ते न सांगताच कळलं. त्याने कार्डं होती त्याच क्रमाने परत लावून दिली, चहा मागवला, पैसे घेतले नाहीत. भला माणूस. ठप्पा मारलेलं कार्ड संग्राहक हातात धरत नाहीत, एवढंच त्याने हळू आवाजात मला सांगितलं.

गाडीत अंकल बॉक्स मांडीवर घेऊन बसले होते. मला स्वतःचाच इतका राग आला होता की दोनदा चुकीचं वळण घेतलं. शेवटी मी म्हटलं, “अंकल, त्याला सांगूच नका. बॉक्स बंद करून द्या. तो काही उद्या विकायला जात नाही.”

“चुकीचा कागद पुढे सारायचा?” ते म्हणाले. “माझ्या हातून?”

“हा कागद नाही अंकल. तुमचा मुलगा आहे.”

“म्हणूनच.” आणि मग काचेबाहेर बघत, “तीस वर्षं त्या पोराला हात लावू दिला नाही गं मी. खेळला असता तर बरं झालं असतं. खलास.”

त्या शुक्रवारी मला जायचं नव्हतं. पण आंटींनी दोनदा फोन केला, आणि काडी लावून पळून जायचं हे मलाही बरं दिसेना. जेवणात चिकन इंद्यालचा झणझणीत रस्सा आणि फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले गोल पाव, होते. ऑलिव्हिया टॅब्लेटवर काहीतरी बघत जेवत होती. आजी मराठीत विचारत होती, ती इंग्रजीत उत्तरं देत होती. अंकलच्या ताटातला भात तसाच. जेवणं होत आली तसे ते उठले, बॉक्स आणून मेल्विनच्या ताटाशेजारी ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलले.

“मेल्विन, हे तुझं. पण याची किंमत नाही. मी दाखवून आलो. बाकीची कचरा आहेत. एकच कार्ड चांगलं होतं, त्याच्यावर मी शिक्का मारून ठेवला. माझ्याच हाताने घालवलं. तुला तीस वर्षं सांगत आलो ते सगळं खोटं निघालं. सॉरी.”

बापाला मुलासमोर असं उभं राहिलेलं बघणं फार वाईट असतं. मी माझ्या ताटात बघत बसले. पॉलीन आंटी काहीच बोलल्या नाहीत, आणि आंटी गप्प बसल्या हेच मला चमत्कारिक वाटलं.

मेल्विनने हातातला फुगा खाली ठेवला. “निळ्या शर्टवालं ना?” त्याने विचारलं.

“तुला कसं माहीत?”

“डॅडी, मला सगळं माहीत आहे. टू थाउजंड फाइव्हपासून.” त्याचं मराठी जरा अडखळतं, पण तो मराठीतच बोलत राहिला. “मुंबईत कॉलेजला होतो तेव्हा तू म्हणालेलास, फी कमी पडली तर बॉक्स काढू. मी सुट्टीत आलो तेव्हा गुपचूप कार्डांची लिस्ट केली. नंतर सायबर कॅफेत बसून एकेक बघितलं. मग मम्मीला सांगितलं.”

“पॉलीन?” अंकल वळले.

“मी डबल ड्यूटी घेतली की रे तेव्हा,” आंटी म्हणाल्या. “तुला काय वाटलं, हौस होती?”

अंकल धप्पकन खुर्चीत बसले. आधी त्यांना राग आला, आणि आला तो भलताच आला. “वीस वर्षं! वीस वर्षं तुम्ही दोघं मला वेड्यात काढत होतात? दर ख्रिसमसला मी बॉक्सचं बोलायचो आणि तू म्हणायचास, थँक्यू डॅडी, सांभाळून ठेव! सांगायला तोंड नव्हतं?”

“नुसता कचरा असता तर सांगितलं असतं,” मेल्विन म्हणाला. “पण ते एक कार्ड होतं ना. त्याच्यावर तुझा शिक्का होता, तुझं हँडरायटिंग होतं. ते मी कसं सांगणार तुला?” तो थांबला. “आणि तू किती खूश असायचास ते बोलताना. म्हणून मग मी फोन लवकर ठेवायचो. जास्त बोललो की तू बॉक्सवर यायचास, आणि मला खोटं बोलता येत नाही. मम्मीला विचार. शुक्रवारी पण तेच. जेवणानंतर तू नेहमी कपाटाकडे बघायला लागायचास. मी उठायचो.”

जोस्लीनने ऑलिव्हियाचा टॅब्लेट हळूच बंद केला.

“म्हणजे,” अंकलनी विचारलं, “तू माझ्यावर रागावून नव्हतास?”

“कशाबद्दल?”

“ती थप्पड. तू सात वर्षांचा होतास. कार्ड शाळेत नेलं होतंस.”

मेल्विनने आईकडे बघितलं, मग बायकोकडे, जणू त्या दोघींना आठवत असेल. “कुठली थप्पड?” त्याने विचारलं.

अंकल रडले. तोंड झाकायचंही भान त्यांना राहिलं नाही. मी दोन वर्षं ज्या माणसाशी शिक्क्यांवरून भांडत होते, तो नॅपकिन शोधत रडत होता, आणि मलाही रडू आवरेना. मेल्विन उठून बापाच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याने पाठीवर हात ठेवला की नाही, ते मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे नीट दिसलं नाही.

मग आंटींनी चहा टाकला. बॉक्स तसाच ताटांमध्ये पडला होता, एका कोपऱ्याला इंद्यालचा रस्सा लागला, तरी कोणी उचलला नाही. तीन वाजले. साडेतीन झाले. ऑलिव्हियाने दोनदा विचारलं, “डॅड, आर वी नॉट गोइंग?” त्याचं लक्षच नव्हतं. मी भांडी आवरायला स्वयंपाकघरात गेले. बाहेर अंकल नाक ओढत ओढत त्या थपडेची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते, शाळेची बस कुठे थांबायची, त्या दिवशी मेल्विनने कुठला शर्ट घातला होता, सगळं. मध्येच ते थांबले, की मेल्विनचा आवाज यायचा, “मग?”