खाटेखालची शेगडी

बजाजनगरवाल्यांनो, आज दुपारी आमच्या शेजारी आग लागली. म्हणून हे लिहितेय.

शेजारच्या काकूंची लेक पूजा बाळंतपणाला माहेरी आलीय. थंडी लई, म्हणून काकूंनी तिच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. बाळाला वारं लागू नये म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. पूजाचा डोळा लागला आणि गोधडीचं लोंबणारं टोक निखाऱ्यांवर पडलं.

आम्ही दार ढकललं तर आत नुसता धूर. पूजा बाळाला पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. बाळाला काही झालं नाय. पूजाची पाठ आणि पाय भाजलेत. डॉक्टर अजून काहीच सांगत नायत.

दवाखान्याच्या पायरीवर बसून काकू एकच म्हणतायत, "मी तर तिला ऊब दिली गं."

घरी आले, तर सासूबाई आमची शेगडी घासत बसलेल्या. नणंदबाईंना नववा लागलाय ना! म्हणाल्या, "आपण गोधडी नीट खोचू."

मी शेगडी उचलली आणि भंगारात टाकून आले. सासूबाई माझ्याशी बोलत नायत. नका बोलू.

तुमच्या घरात बाळंतीण आहे? मग हे वाचणं सोडा, आधी तिच्या खाटेखाली वाकून बघा.