ते मी काढतच नाही

भावाशी माझा समेट कसा झाला, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अंधेरीत आमच्या शेजारी लॅटिन शिकवणारे एक मास्तर राहतात. जुन्या रोमन वक्त्यांची एक लकब त्यांच्या जिभेवर बसली आहे: बोलणार नाही म्हणायचं आणि नेमकं तेच बोलायचं. "तुमच्या कोंबड्यांनी माझी कोथिंबीर खाल्ली, ते मी काढतच नाही," असं म्हणून ते छत्री आपटतात. समोरच्याला हसू येतं, आणि कोंबड्या डालग्यात जातात.

वडिलांच्या आजारपणात मी भांडुपला फिरकलो नाही, म्हणून भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला होता. माफीचे शब्द मला जुळेनात. मास्तर म्हणाले, "मग मागू नका. काय काढणार नाही, तेवढं सांगा. चला, मी येतो." भांडुपला ते दाराबाहेर उन्हात थांबले.

मी भावाला म्हटलं, "बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी तोंड लपवलं, ते मी काढतच नाही."

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "आणि तू एवढ्या उन्हाचा आलास, ते मीपण काढत नाही. बस. बाहेर कोण उभंय रे? त्यांनाही बोलाव."

मास्तरांचे आभार मी अजून मानलेले नाहीत. ते सरळ शब्दांत मानायचे आहेत.