आधी फडकं
“मी सांगितलं होतं ना?” हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या घरी दूध उतू गेलं तरी आधी हे वाक्य येतं, मग फडकं.

शिवणकाम करणारी आत्या तेवढी वेगळी. “कापड आधी भिजव, आटेल,” असं ती म्हणाली होती. मला कोण घाई झालेली! “काही होत नाही, तू शिव.” पहिल्याच धुण्यात ड्रेस गुडघ्यांच्या वर चढला.

तोंड पाडून मी तिच्या मशीनपाशी उभी राहिले. आई मागून म्हणालीच, “ती सांगत होती ना?”

आत्यानं नुसती कात्री मागितली आणि खालची शिवण उसवली. आत चार बोटं जास्तीचं कापड दुमडलेलं होतं. मी ऐकणार नाही हे ओळखून तिनं ते शिवतानाच ठेवलं होतं.