मोठ्या बोटीचा उशीर

रविवारी सकाळी वाचनालयात लहान मुलांसाठी कॅरिबियन बेटांवरचे छोटे चित्रपट दाखवणार होते, म्हणून मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, मीराला, घेऊन गेले. एका चित्रपटात एक चिमुरडी किनाऱ्यावर वडिलांच्या होडीची वाट बघत बसली होती. मागे माड, पुढे समुद्र. त्यांची बोली आम्हाला कुणालाच कळत नव्हती, पण मीराला सगळं कळलं. तिचे बाबा मालवाहू जहाजावर असतात.

"हिचे बाबा येणार नाहीत का?" तिने विचारलं.

"येतील लवकर," मी नेहमीसारखं म्हणाले. ती रडायलाच लागली.

शेजारी नातवंडांना घेऊन आलेल्या हर्णै बंदरावरच्या एक आजी बसल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "येतील गो. मासळी भरली की होडी जड होते, मग सावकाश चालते."

"आणि माझे बाबा?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "कधी यायचेत?"

"अजून तीन महिने आहेत." हे मी मीरासमोर कधी बोललेच नव्हते.

"मोठी बोट, मोठा उशीर," आजी तिला म्हणाल्या.

मीराने डोळे पुसले. पडद्यावर होडी किनाऱ्याला लागली आणि पोरगी पाण्यात धावली. वाट बघणाऱ्याला खोट्या 'लवकर'पेक्षा खरा उशीर सोसवत असावा, समुद्र कुठलाही असो.

घरी आल्यावर मीराने कॅलेंडर मागितलं. तीन पानं उलटून ती म्हणाली, "एवढंच?"

मग माझेच डोळे भरून आले.