कपाळावरची वेळ

लष्कराच्या परिचारिका दलात माझे तिसरे वर्ष चालू होते. नेमणूक घाटावरच्या एका लष्करी रुग्णालयात, सर्जिकल वॉर्डात, हुद्दा लेफ्टनंट. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने मुंबई धुमसत होती, त्या हिवाळ्यात मला दहा दिवसांची रजा मिळाली आणि मी लालबागला घरी आले.

रजेतही साडेपाचला जाग येई. बिछान्याची चादर मी वॉर्डातल्यासारखी कोपरे दुमडून घाले. गॅलरीत ओल्या कोळशाचा धूर आणि शेजारच्या काशीबाईंच्या भाजलेल्या बोंबलांचा वास. गिरणीच्या भोंग्याबरोबर बाबा स्तोत्रसंहिता उघडत. ते गिरणीत कारकून आणि आमच्या चर्चच्या पंचमंडळात होते. चाळीत ख्रिस्ती घर आमचे एकटेच.

काशीबाईंचा मुलगा सदानंद गिरणीत विणकर होता. माझी ट्रंक जिन्यावरून तोच चढवी.

"लेफ्टनंटबाई, सॅल्यूट कुठल्या हाताने ठोकू? दोन्ही हातांत तुमची ट्रंक आहे."

"ट्रंक ठेव, मग ठोक."

"म्हणजे हमालीही करायची आणि परेडही! बाबा, ही सैन्यात गेल्यापासून फार माजलीय."

रजेच्या सहाव्या दिवशी संचारबंदी होती. दुपारी दोन तासांची सूट मिळाली तेव्हा सदा रॉकेल आणायला खाली उतरला. तो मोर्चात नव्हता, त्याच्या हातात दगड नव्हता. दोन वाजून तीस मिनिटांनी नाक्यावर गोळीबार झाला. पाच मिनिटांत चौघांनी त्याला एका उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून वर आणले. गोळी उजव्या मांडीत, रक्त उसळ्या मारीत होते. रॉकेल आणि रक्त, दोन्हींचा वास एकदम आला. तो अजून माझ्या नाकात आहे.

मी माझी सुती ओढणी फाडली. मांडीच्या वर घट्ट बांधून बाबांचा लाकडी रूळ तिच्यात घातला आणि पिळला. रक्त थांबले.

असा आवळलेला बंद, म्हणजे टूर्निकेट, माणूस वाचवतो, पण पाय उपाशी मारतो. सर्जनने तो फार तर दोन तासांत सोडवावा लागतो. म्हणून सैन्यात जखमीच्या कपाळावर टी हे इंग्रजी अक्षर आणि बांधल्याची वेळ लिहितात. कपाळ झाकले जात नाही; पाहणाऱ्याला विचारावे लागत नाही. मी बाबांची लाल-निळी पेन्सिल घेतली, निळे टोक जिभेवर ओले केले आणि लिहिले: टी, २.४०.

वॉर्डात हे वॉर्डबॉयलाही ठाऊक असे. इथे ते एकट्या मला ठाऊक होते. मी कुणालाही सांगितले नाही.

तीनला पोलिसांची गाडी आली.

"एकच नातेवाईक."

"मी लेफ्टनंट आहे, लष्करी परिचारिका. मला याच्याबरोबर..."

"नातेवाईक म्हटलं, बाई. चला, लवकर!"

काशीबाई आधीच वर चढल्या होत्या. त्यांनी सदाचे डोके मांडीवर घेतले, अंगावर चादर ओढली. मी ओरडले, "पायाला बांधलंय, डॉक्टरांना सांगा!" इंजिनाच्या घरघरीत त्यांना काय ऐकू गेले, देव जाणे.

बाबा घरात गुडघ्यांवर होते. मीही टेकले. प्रार्थनेनंतर मला वाटले, आता तो सुरक्षित हातांत आहे.

दुसऱ्या दिवशी पास मिळवून मी रुग्णालय गाठले. व्हरांड्यात माणसे जमिनीवर निजवलेली. फिनेलखाली रक्ताचा गोडूस वास. तरुण डॉक्टर दोन रात्री झोपलेला नव्हता.

"रक्त वाहत नव्हतं. वाहणारे आधी घेतले. बंद आम्हाला सातला दिसला."

"कपाळावर वेळ होती."

"कपाळावर काही नव्हतं, सिस्टर."

पाय काढला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला सदा गेला.

संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळक आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "देवाची योजना आपल्याला कळत नाही, शीला. विश्वास ठेवायचा."

"योजना?" मी म्हणाले. "असली योजना माझ्या मेजरने आखली असती तर त्याचं कोर्ट मार्शल झालं असतं."

पाळकांनी कप खाली ठेवला. ते गेल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "हे त्यांना कशाला? ज्याला सांगायचं त्याला सांग. भांड. पण बोलणं तोडू नकोस."

मी भांडले. गोळी झाडणाऱ्यावर, न ऐकणाऱ्या गाडीवर, त्या पुसलेल्या कपाळावर माझा संताप होता. देवावर सर्वांत जास्त, कारण त्याच्या हवाली करून मी स्वस्थ बसले होते.

चौथ्या दिवशी काशीबाईंच्या दारात गेले ती कपाळ कुणी पुसले हे विचारायलाच. त्या जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनीच आधी विचारले.

"त्याच्या कपाळावर काय लिवलं होतंस गो?"

"वेळ."

"वेळ? घड्याळातली?"

"हो."

त्यांनी पदराचे टोक हातात धरले.

"मला वाटलं, क्रूस काढलास. मरता मरता त्याला तुमच्यात घेतलंस. मी थुंकी लावून पदराने पुसलं." मग म्हणाल्या, "घेतलं असतंस तरी चाललं असतं. जगायला हवा होता."

ती वेळ कशासाठी होती, हे त्यांनी विचारले नाही. माझ्या तोंडात सगळे वाक्य तयार होते. मी ते गिळले. आजवरच्या आयुष्यात मी पाळलेली ती सर्वांत कठीण ऑर्डर होय, आणि ती कुणी दिली हे मला माहीत आहे.

पुढे मी मेट्रन झाले. नव्या मुलींना शिकवताना सांगे: कपाळावर लिहा, आणि जवळ आई असेल तर काय लिहिले ते तिच्या भाषेत तिला आधी सांगा.

आमच्या छावणीत दरवर्षी मृत सैनिकांची नावे वाचली जात. बिगुल थांबे, दोन मिनिटे शांतता. त्या शांततेत मी एक नाव मनात घेई, जे आमच्या यादीत नव्हते. सदानंद, विणकर, राहणार लालबाग, वय सव्वीस. रॉकेल आणायला गेला होता. निवृत्तीनंतरही, रोज सकाळी साडेपाचला, ते नाव मी देवापुढे ठेवते. आवाज चढतो. त्याने अजून खुलासा केलेला नाही, आणि मीही उठून गेलेली नाही.